सेकंडहँड फिश टँक घेताय? मासे सोडण्याआधी एवढं नक्की करा

ऑनलाइन जाहिरात पाहून किंवा शेजाऱ्यांकडून स्वस्तात फिश टँक मिळतो. घरी आणून साबणाने घासला, पाणी भरलं, संध्याकाळी मासे सोडले आणि दोन-चार दिवसांत मासे पाण्यावर तरंगताना दिसले. असं का होतं? आणि ते कसं टाळायचं?

आधी गळती तपासा

टँक सपाट जागी, थर्माकोलच्या शीटवर ठेवा. पाणी भरून 24 तास तसाच राहू द्या. कडांना वर्तमानपत्र लावून ठेवलं, तर बारीक गळतीही लगेच कळते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये साधारण 55 लिटर, म्हणजे 55 किलो पाणी मावतं. डुगडुगत्या टेबलावर तो ठेवू नका.

साबण का नको?

साबणाचा अंश सिलिकॉनच्या जोडांत आणि कोपऱ्यांत राहतो. तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. भांडी घासायचं लिक्विड, काच पुसायचा स्प्रे हेही नकोच.

मग साफ कशाने करायचं?

काचेवरचे पांढरे डाग क्षारांचे असतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवा, मग नव्या स्पंजने घासा आणि टँक भरपूर पाण्याने धुवा. गरम पाणी ओतू नका, काच तडकू शकते.

आधीचे मासे आजारी होते किंवा काहीच माहिती नाही, तर निर्जंतुक करणं गरजेचं. बिनवासाचं साधं ब्लीच 1 भाग आणि पाणी 19 भाग हे मिश्रण 10-15 मिनिटं टँकमध्ये ठेवा. नंतर अनेकदा धुवा, अँटी-क्लोरीन घातलेल्या पाण्याने भरून ठेवा, रिकामा करा आणि पूर्ण वाळू द्या. क्लोरीनचा वास येत असेल तर पुन्हा धुवा.

सावधान: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो. खिडकी उघडी ठेवा आणि हातमोजे घाला. जुन्या टँकमधल्या काही जिवाणूंमुळे हातावरच्या जखमेतून त्वचेचा संसर्ग होऊ शकतो.

जुने खडे आणि फिल्टरचा स्पंज शक्यतो फेकून द्या. तांबं असलेलं औषध वापरलं होतं का, हेही विक्रेत्याला विचारा. त्याचा अंश कोळंबी आणि गोगलगायींसाठी घातक असतो.

टँक चकाचक, तरी मासे का मरतात?

मासे पाण्यात अमोनिया सोडतात. तो त्यांच्यासाठीच विष असतो. फिल्टर आणि खड्यांवर वाढणारे उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. निर्जंतुक केलेल्या टँकमध्ये हे जिवाणू नसतातच.

म्हणून फिल्टर सुरू करा, रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका आणि वाट पाहा. याला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला, तर वेळ वाचतो. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की थोडं पाणी बदलून मासे सोडा. तेही एकदम नाही, दोन-तीन करून.