एकट्याचे गणित

गणित हा ‘डोक्याचा’ विषय आहे आणि ज्याला ते डोके जन्मतःच मिळाले त्यालाच तो यावयाचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. गिरणीतल्या मुकादमापासून कॉलेजातल्या प्राध्यापकापर्यंत ती सारखीच आढळते. ती कोणी तपासून पाहिली तर काय हाती लागते, हे सांगण्यासाठी आम्ही अमेरिकेतील एक उदाहरण घेतो.

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत. परीक्षेपर्यंत टिकलेल्यांपैकीही सुमारे ६० टक्के जणांना अगदी तळाचे गुण मिळत. या विषयावाचून इंजिनियर वा शास्त्रज्ञ होण्याची वाटच बंद. यूरी ट्राइजमन नावाच्या तरुण संशोधकाने आधी शिकवणाऱ्यांनाच कारण विचारले. उत्तरे ठरावीक आली: जिद्द नाही, पूर्वतयारी कच्ची, घरी आस्था नाही, पैसा नाही. (उत्पादन का घटले असे मालकाला विचारा, तोही प्रथम कामगाराच्या आळसाकडेच बोट दाखवील. यंत्र उघडून पाहण्याची तसदी कोण घेतो?)

ट्राइजमन यांनी ती घेतली. २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडून ते अभ्यास कसा करतात, हे त्यांनी सुमारे १८ महिने त्यांच्यात वावरून पाहिले. वरील चारही कारणे टिकेनात. मुले शाळेत हुशार ठरलेली होती. आईबापांनी त्यांच्या शिक्षणासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. फरक निघाला तो निराळाच. कृष्णवर्णीय विद्यार्थी आठवड्याला सुमारे ८ तास, म्हणजे गुरुजींनी सांगितला तितका अभ्यास इमानाने करी, पण एकट्याने. चिनी विद्यार्थी आधी एकेकटे बसत, मग एकत्र जमून उत्तरे ताडून पाहत. त्यांच्या गप्पांत आणि अभ्यासात भिंत नसे, आणि आठवड्याचे १४ तास भरत. एकाचे उत्तर इतरांहून वेगळे आले की चूक तिथल्या तिथे सापडे. सर्वांनाच अडले, तर उदाहरणच अवघड आहे हे कळे. एकट्याला मात्र वाटे, आपणच ढ.

मग १९७८ च्या सुमारास त्यांनी अभ्यासगट सुरू केले. येथे त्यांची खरी समज दिसते. त्यांनी ‘कच्च्यांचा वर्ग’ काढला नाही; तशा वर्गाकडे मानी मुलगा फिरकतच नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड उदाहरणांचे कागद देऊन लहान गट बसवले. मार्गदर्शक मधून फिरे, अडलेल्याला सूचक प्रश्न विचारी, उत्तर देत नसे. या गटांतील कृष्णवर्णीय विद्यार्थी आपल्या इतर बांधवांच्याच नव्हे, तर गोऱ्या सहाध्यायांच्याही पुढे गेले. पुढे टेक्सासमधील ऑस्टिन विद्यापीठासह अनेक ठिकाणी ही पद्धत उचलली गेली.

आमच्या ओळखीचे एक रात्रशाळेचे शिक्षक शंका काढतात, की गटात एक हुशार पोरगा सगळे सोडवील आणि बाकीचे उतरवून घेतील. शंका रास्त आहे. संपसमितीतही एकच पुढारी बोलू लागला की बाकीचे माना डोलावू लागतात. म्हणून प्रत्येकाने आधी एकट्याने झटापट करावी, मग जमावे. आणि फळ्यापाशी पाठवावे ते ज्याला आधी आले त्याला नव्हे, तर ज्याला नुकतेच समजले त्याला. फीचा व पुस्तकांचा प्रश्न याने सुटत नाही, आणि घरकामातून मुलीला संध्याकाळी दोन तास कोण मोकळे करणार, हाही उरतोच. परंतु गट बसवायला चाळीची गच्ची, एक फळा आणि खडू एवढे पुरते.