वर्ध्यात गुन्हा, अमेरिकेत छंद! घरी बिअर उकळायचं भांडं नेमकं केवढं लागतं?

वर्धा म्हटलं की सेवाग्राम आठवतं आणि सेवाग्रामच्या पाठोपाठ दारूबंदी. जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. पण इथल्याच घरांतली मुलं शिकून डॅलस, सिएटल, मँचेस्टरला गेली आहेत आणि तिथे सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये बिअर बनवणं हा बागकामासारखाच एक सरळसाधा छंद मानला जातो. व्हिडिओ कॉलवर मागे चमकणारा स्टीलचा भलामोठा गंज दिसला की इकडून प्रश्न ठरलेला: एवढं भांडं कशाला? स्वयंपाक पंगतीचा आहे का?

प्रश्न चांगला आहे. उत्तर थोडं कायद्याचं आहे आणि बरंचसं भौतिकशास्त्राचं.

आधी कायदा: वर्ध्यात हे चालेल का?

नाही. आणि फक्त वर्ध्यातच नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ संपूर्ण राज्याला लागू आहे. त्याच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. घरापुरती, स्वतःला पिण्यापुरती अशी सूट त्यात नाही. पुण्या-मुंबईत मायक्रोब्रुअरी दिसतात (पुण्यातली डूलाली २००९ ची), पण त्या परवाना घेऊन चालतात. पिण्याचा परवाना हातात असला तरी तो बनवण्याचा परवाना होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

या बातमीपुरता महत्त्वाचा मुद्दा भांड्याचा आहे. याच कायद्याच्या कलम ६५ मध्ये मद्य बनवण्याच्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणं जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. वर्ध्याच्या क्राइम बातम्यांत 'मोहा सडवा नष्ट, ड्रम जप्त' असं वाचता ना, तो हाच भाग. भांडं स्वतः निर्दोष असतं. साठ लिटरच्या पातेल्यात पंगतीचं वरण शिजलं तर कोणी विचारणार नाही. त्याच पातेल्याशेजारी माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि आंबवण्याचा डबा निघाला तर मात्र हेतूचा प्रश्न उभा राहतो.

गंमत अशी, की बिअरच्या भांड्यात उकळताना अल्कोहोल तयार होतच नाही. तिथे फक्त बार्लीच्या माल्टचं गोड पाणी हॉप्स घालून तासभर उकळतात. याला वर्ट म्हणतात. ते थंड करून दुसऱ्या डब्यात यीस्ट घातलं की मग साखरेचं अल्कोहोल होतं. हातभट्टीसारखं ऊर्ध्वपातन यात कुठेच नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला १०० हून अधिक जीव घेणारी दारू मिथेनॉलची होती. तो धोका वेगळा आणि ही प्रक्रिया वेगळी. कायदा मात्र दोन्हीकडे सारखाच बघतो.

मग कुठे चालतं?

ब्रिटनने घरगुती बिअरचा परवाना १९६३ मध्ये रद्द केला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली आणि घरच्या बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली. मर्यादा आजही तीच आहे: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७८ लिटर), दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायची नाही. राज्यांचे कायदे वेगळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी थेट २०१३ मध्ये होकार दिला.

म्हणजे पुढचं सगळं गणित तिकडच्या मंडळींसाठी आहे.

पाच गॅलनला पाच गॅलनचं भांडं का पुरत नाही?

नवशिक्यांची किट साधारण ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटरची असते. पहिलं भांडंही बहुतेकांकडे तेवढंच असतं. त्यात तयार माल्ट अर्क १०-१२ लिटर पाण्यात उकळायचा आणि नंतर डब्यात गार पाणी ओतून १९ लिटर करायचे. काम भागतं. पण घट्ट द्रव उकळल्याने रंग गडद होतो आणि हॉप्सचा कडवटपणा नीट उतरत नाही. सगळं पाणी एकदम उकळायचं ठरवलं की मोठं भांडं आलंच.

किती मोठं, ते उलटीकडून मोजायचं. डब्यात १९ लिटर हवेत. हॉप्सचा चोथा आणि तळाचा गाळ यात साधारण २ लिटर जातात, म्हणजे २१. शंभर अंशाचं पाणी वीस अंशाला येताना सुमारे ४ टक्के आकसतं, म्हणून गरम असताना २२ हवेत. तासभराच्या उकळीत ४ लिटर वाफ होऊन जातात. झाले २६. आणि वर्ट दुधासारखं उतू जातं! पहिली उकळी येताना प्रथिनांचा फेस झपाट्याने वर चढतो. त्याला वर पाव भाग मोकळी जागा हवी. आकडा येतो ३२-३३ लिटर. बाजारात त्याच्या पुढचं सोयीचं माप १० गॅलन, म्हणजे ३८ लिटर.

धान्य पिशवीत घालून त्याच भांड्यात भिजवायचं असेल तरीही ३८ लिटर जेमतेम पुरतात. ५ किलो माल्ट चार-एक लिटर पाणी शोषतो, म्हणून सुरुवातीलाच ३० लिटर घ्यावे लागतात. शिवाय धान्य स्वतः साडेतीन लिटरची जागा अडवतं. पातळी ३३ च्या वर जाते.

आता दुप्पट, म्हणजे ३८ लिटर बिअर करायची असेल तर? वाफ दुप्पट होत नाही. ती द्रवाच्या पृष्ठभागावर आणि आचेवर ठरते, खोलीवर नाही. म्हणून ३८ अधिक गाळाचे ३, आकसण्याचे २ आणि वाफेचे ५ असे ४८. मोकळी जागा धरून ६० लिटर. तिकडे १५ गॅलनचं (५७ लिटर) भांडं यासाठीच खपतं. फेसावर नजर ठेवली तर ते पुरतं.

मग सरळ सर्वात मोठंच घ्यावं?

मोह होतो, पण नको. ४० सेंटिमीटर व्यासाच्या ६० लिटर भांड्यात १० लिटरची छोटी खेप टाकली तर द्रवाची उंची होते फक्त ८ सेंटिमीटर. थर्मामीटरचं टोक आणि थंड करायची तांब्याची नळी अर्धी उघडी पडते. वर तासाभरात त्यातले चार-पाच लिटर उडून जातात. बासुंदीसाठी आपण पसरट कढई घेतो ती आटावं म्हणूनच. इथे फार आटायला नको आहे.

म्हणून उंची व्यासाएवढी किंवा थोडी जास्त असलेलं भांडं बघावं. ३६ सेंटिमीटर व्यास आणि ४० उंची म्हणजे सुमारे ४० लिटर. ४० व्यास आणि ४८ उंची म्हणजे ६०. ऑनलाइन खरेदीत लिटरच्या आकड्यावर न जाता ही दोन मापं शोधा आणि स्वतः गुणाकार करा.

स्टील की ॲल्युमिनियम?

ॲल्युमिनियम स्वस्त, हलकं आणि उष्णता ३०४ दर्जाच्या स्टीलपेक्षा पंधरा-एक पट चांगली वाहणारं. नवं असताना एकदा नुसतं पाणी उकळून आतला ऑक्साइडचा थर बसू द्यायचा, आणि नंतर तो घासून चकचकीत करायचा नाही. आपल्या घरच्यांना ही दुसरी अट पाळणं अवघड! शिवाय कॉस्टिक क्लीनर त्याला चालत नाही. स्टील महाग, पण कॉस्टिक क्लीनरनेही धुता येतं. फक्त बूड पातळ असेल तर वर्ट लागतं आणि करपट चव खेपभर पुरते. मला विचाराल तर जाड किंवा तिहेरी बुडाचं स्टील.

भांडं आलं, पण आच पुरते का?

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. अमेरिकेतल्या साध्या सॉकेटमधून (१२० व्होल्ट, १५ अँपिअर) सतत साधारण १,४४० वॉट घेता येतात. ४८ लिटर वर्ट ६५ वरून १०० अंशांवर न्यायला, उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, ८१ मिनिटं लागतील. पुढे उकळताना तासाला सव्वादोन लिटरच वाफ निघेल, म्हणजे उकळी मरतुकडी. आपल्याकडच्या १६ अँपिअरच्या गीझर पॉइंटवर साडेतीन किलोवॉट मिळतात आणि हेच काम ३४ मिनिटांत होतं. २३० व्होल्टचा हा फायदा तिकडे नाही. म्हणून ६० लिटरला २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन लागते, नाहीतर प्रोपेनची शेगडी.

प्रोपेन शेगडी अंगणातच. शटर अर्धं उघडं ठेवून गॅरेजमध्ये पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग, आणि त्याने माणसं मरतात.

दुसरी गोष्ट वजनाची. ४८ लिटर वर्ट म्हणजे ५० किलो, त्यात भांड्याचं वजन वेगळं, आणि हे सगळं शंभर अंशांवर. दोघांनी कडी धरून उचलू, असं अजिबात करू नका. ४० लिटरच्या वर तळाशी बॉल व्हॉल्व्ह असलेलंच भांडं घ्या आणि ते ओट्याएवढ्या उंचीवर पक्कं बसवा. नळी लावली की द्रव आपोआप खाली उतरतं.

थंड करण्याचा खर्चही धरा. १९ लिटरला पुरणारी तांब्याची नळी ४८ लिटरला फार वेळ घेते. थंड होताना मधल्या तापमानात रेंगाळलेल्या वर्टमध्ये यीस्टच्या आधी जंतू शिरतात. नळी मोठी घ्यावी लागते, मग आंबवण्याचा दुसरा डबाही लागतो. ६० लिटरच्या भांड्याची खरी किंमत त्याच्या लेबलवर लिहिलेली नसते.

आणि कोणी कायमचं वर्ध्याला परतत असेल तर भांडं जरूर आणावं, घरच्या कार्यात कामी येईल. माल्ट, यीस्ट आणि आंबवण्याचा डबा मात्र तिकडच्याच मित्राला देऊन यावं.