शिंदीची केरसुणी
दिवाळी आठ दिवसांवर आली की रहिमतपूरच्या बाजारात शिंदीच्या केरसुण्या दिसायला लागतात. कुणी त्यांना फडा म्हणतं, कुणी साळुता, कुणी नुसतंच लक्ष्मी. ती बांधतात कशी हे बघायला यंदा सकाळीच केरसुण्या बांधणाऱ्या एका मावशींच्या अंगणात जाऊन बसलो.

"त्याला हात लावू नगासा, काटा मोडंल," मावशींनी आधीच बजावलं. शिंदीच्या फडाला, म्हणजे झावळीला, देठाजवळ पात नसते, सुईसारखे काटे असतात. ते कोयत्यानं साळावे लागतात. मावशींची बोटं जुन्या काट्यांच्या खुणांनी काळवंडलेली. फड आणले होते ओढ्याकाठच्या शिंदीचे. खजुराच्या जातीचं हे झाड, त्याला वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो छाटला की झाड संपलं. "कडंचं काढायचं, मधल्याला हात न्हाई लावायचा. पुढल्या साली काय बांधायचं मग?"

फड चार-पाच दिवस उन्हात पडतात. ओलेच बांधले तर वाळताना आकसतात आणि बंध सैल पडतो. पार कडक झाले तर वळताना मोडतात. म्हणून वाळलेल्या पातीवर पाणी शिंपडून ती गोणपाटाखाली झाकायची. मावशींनी एक पात उपसली, करंगळीभोवती गुंडाळली, कानाजवळ नेली. मोडल्याचा आवाज आला नाही. मग कामाला बसल्या.

पाती दाभणानं चिरून बारीक केल्या, देठं ठेचून नरम केली, जुडी जुळवली. बंधाचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात. जुडी फिरवत आणि सगळं अंग मागं टाकत त्या बंध आवळत होत्या. प्रत्येक वेढ्याला पात कर्रकन वाजायची. मीही एक वेढा घालून पाहिला. त्यांनी तो न बोलता सोडवला आणि पुन्हा घातला.

हे काम मातंग समाजानं पिढ्यान्‌पिढ्या केलं. केकताडाच्या वाखाचे दोर, कासरे, दावी आणि शिंदीच्या केरसुण्या गावाला पुरवायच्या, सुगीला बलुतं घ्यायचं. आश्विन अमावास्येला हीच केरसुणी पाटावर बसते, तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागला तर आपण हात जोडतो. ती बांधणाऱ्याला मात्र गावानं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पूजेला बसताना हे मला दरवर्षी टोचतं, आणि टोचायलाच हवं.

सारवलेल्या जमिनीवर आणि खळ्यात शिंदीसारखं दुसरं काही चालत नाही. पण फरशा आल्या, ईशान्येकडचं मऊ झाडूगवत आलं, मग प्लास्टिक. आता बऱ्याच घरांत केरसुणी पूजेपुरतीच येते. मावशींनाही ते ठाऊक आहे. तरी बंध त्या वर्षभर झाडायच्या केरसुणीसारखाच आवळतात.

माझी केरसुणी त्यांनी दगडावर तीनदा आपटली. भुसा उडाला. मग स्वतःच्याच अंगणात दोन हात झाडून बघितलं आणि ती माझ्या हाती दिली.

"उभी ठिवू नगा. शेंडं वाकत्यात."