दर्यावरचा सोळा नंबर
मासेमारी नौकेवर तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्याच्या, डोक्यावर छताला अडकवलेला छोटा सेट आणि त्याला पिळाच्या वायरीने लटकणारा माईक. बंदरात त्याला नुसते ‘वायरलेस’ म्हणतात. त्याचा सोळावा चॅनल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटाच्या हाकेसाठी जगभर राखून ठेवलेला आहे. खिशात मोबाईल आणि टपावर उपग्रहाचा ट्रान्सपॉन्डर आल्यावर या जुन्या सेटचे काम काय उरले, हा प्रश्न रास्तच आहे. पण फोन एकालाच लागतो. नंबर ठाऊक हवा, पलीकडच्याने उचलायला हवा, आणि किनारा मागे पडला की रेंजही जाते. सोळावर ‘मेडे’ तीनदा उच्चारून नौकेचे नाव, ठिकाण आणि माणसे किती एवढे सांगितले, की टप्प्यात सोळा लावून बसलेल्या सगळ्यांच्या कानी ते एकदमच पडते. वायरलेसची खरी किंमत या सामाईक ऐकण्यात आहे.

टप्पा तोकडा, हा आक्षेप खोटा नाही. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पाण्यापासून चारेक मीटरवर अँटेना असलेल्या दोन नौकांना नऊ-दहा सागरी मैलांपलीकडे एकमेकींचे ऐकू येणे कठीण. सेटची ताकद वाढवूनही फारसे साधत नाही, कारण आड येते ती पृथ्वीची गोलाई. मात्र नौकेत पाणी भरू लागले की वेळेत पोहोचू शकणारी दुसरी नौका बहुधा याच टप्प्यातली असते. खोल समुद्रात हे पुरत नाही, हे २०१७च्या ओखी वादळाने दाखवून दिले. इशाऱ्याआधीच दूर गेलेल्यांना गाठणे अवघड झाले. भरकटलेल्या केरळ-तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह थेट सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. खोल समुद्रात उपग्रहच हवा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू झालेली, एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना त्यासाठीच आहे. पण त्यावरून गेलेली हाक आधी किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात पोहोचते. सोळावरची शेजारच्या तांडेलाला थेट ऐकू येते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: सोळावर शिस्त नाही. वादळात बंदरावर बावटा चढतो आणि समुद्रात तटरक्षक दलाची जहाजे-विमाने वायरलेसवरून माघारी फिरायला सांगतात. त्याच वेळी कुणी मासळीच्या भावाची चर्चा करत असेल, किंवा माईकचे बटण कुठे दाबून अडकले असेल, तर आसपासचा सगळा चॅनल तुंबतो. यंत्र असणे म्हणजे कुणी ऐकत असणे नव्हे. १९१२ साली टायटॅनिक बुडत असताना जवळच थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकुलता एक रेडिओ ऑपरेटर सेट बंद करून झोपला होता. यावर उतारा म्हणून लाल बटण आले: ते दाबून धरले की सत्तराव्या चॅनलवरून नौकेची ओळख आणि, जीपीएस जोडलेले असल्यास, ठिकाण आपोआप जाते, आणि तशी सोय असलेल्या सेटवर गजर होतो. मग मोठ्या जहाजांनी सोळा ऐकणे सोडावे, असा बेत होता. पण लहान नौकांकडे ते बटण नव्हते, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००२मध्ये हे ऐकणे चालूच ठेवायला सांगितले. ते बरेच झाले. बेशिस्तीवर उपाय सोळा सोडून देण्याचा नाही; बंदराबंदराने गप्पांसाठी वेगळा चॅनल ठरवावा आणि सेटमधली ‘ड्युअल वॉच’ची सोय चालू ठेवावी, म्हणजे भावाची चौकशी करून माईक खाली ठेवला की कान पुन्हा सोळाकडेही राहतो.