पानगळ पाहायला चिखलदऱ्याला चला



तूर घरात आली, कपाशीचा शेवटचा वेचा झाला, गहू अजून ओंबीत आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून होळीपर्यंतच्या या दिवसांत एक रविवार मोकळा काढा आणि सहकुटुंब डोंगरावर चला. अमरावती-अकोल्याकडील मंडळींना चिखलदरा जवळचाच आहे. पावसाळ्यात तेथे धबधबे व धुके पाहायला गर्दी लोटते. पानगळीच्या दिवसांत मात्र रस्ते निवांत असतात आणि डोंगराने रंग बदललेला असतो.

परतवाड्याहून घाटाने वर जाताना खिडकीची जागा मुलांना द्या. घाट चढताना धावड्याची पाने तांबूस झालेली दिसतील. सागाची थाळ्याएवढी पाने पिवळी-तपकिरी होऊन खाली उतरत असतात. सालईचे उघडे, फिकट बुंधे दुरून ओळखू येतात. मध्येच पळस पेटल्यासारखा फुललेला असतो. मार्च उजाडला की मोहाला आणि कुसुमाला तांबडी कोवळी पालवी फुटते. एकाच डोंगरावर एका झाडाचे जुने पान गळताना आणि दुसऱ्याचे नवे फुटताना दिसते.

मुले विचारतील, पाने का गळतात? उत्तर सोपे आहे. थंड देशांत झाडे हिवाळ्यापायी पाने टाकतात; आपल्याकडे बहुतेक झाडे पाण्याच्या ओढीने टाकतात. पानावाटे सतत पाणी उडून जाते. जमिनीतील ओल कमी झाली की हा खर्च झाडाला परवडत नाही. पण झाड पान तसेच फेकून देत नाही. आधी पानातील हिरवे द्रव्य मोडते आणि नत्र, स्फुरद यांचा बराच भाग फांद्यांत व खोडात माघारी ओढून घेते. राखण संपली की आपण खोपीतले सामान घरी आणतो आणि मग खोपी मोडतो, तसेच हे. हिरवा रंग गेला की पानात मुळात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग बहुधा त्या वेळी नव्याने तयार होतो. शेवटी देठाच्या बुडाशी एक नाजूक थर बनतो आणि तेथून पान सुटते.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. वर पोहोचल्यावर गाडी सोडा आणि पायी चला. देवी पॉइंटला देवीचे दर्शन घ्या, मग गाविलगड गाठा. बहमनी राजवटीतला हा किल्ला १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी लढून घेतला. तटावरून दक्षिणेला पाहा. खाली अचलपूरकडचा सपाट वऱ्हाड पसरलेला दिसतो. पंचबोल पॉइंटला मुलांना एकदा मोठ्याने हाक मारू द्या. दरी त्यांना उत्तर देईल.

आता एक काम करा. वाटेच्या कडेला, झाडाखाली, पाचोळ्याचा वरचा थर काठीने बाजूला सारा. खालचा थर अर्धवट कुजलेला असेल आणि त्याखाली काळसर, भुसभुशीत माती लागेल. ती मुलांच्या हातात द्या, वास घ्यायला सांगा. मग पाचोळा पुन्हा नीट पसरून ठेवा.

या पाचोळ्याशी आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. तेथील कित्येक गावांना पिण्याचे गोडे पाणी शहानूर, वान या धरणांतून मिळते आणि या नद्या याच डोंगररांगेतून उतरतात. पावसाचा थेंब पाचोळ्यावर पडला तर त्याचा मार मोडतो, पाणी सावकाश मुरते आणि झरे पुढे टिकतात. तोच थेंब जळालेल्या उघड्या उतारावर पडला तर माती घेऊन पळतो. ती माती शेवटी धरणात जाऊन बसते.

म्हणूनच पानगळीचा हा देखणा काळ धोक्याचाही आहे. वाळलेल्या पाचोळ्याला एक विडीचे थोटूक पुरते. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तोच जाळ वाऱ्याने रान घेतो. पाचोळा झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी-कापड अंथरले, तर फुलेही स्वच्छ मिळतात. पायथ्याशी ज्यांचे वावर आहे त्यांनी धुरे पेटवू नयेत. घरच्या आंबा-लिंबाचा पाचोळा तर खड्ड्यात शेणकाल्यासोबत कुजवा. झाडाने माघारी घेऊन उरलेले अन्न त्यात आहे. ते राखेत आणि धुरात घालवू नका.

जाताना थोडी तयारी हवी. शिदोरी आदल्या रात्री घरातल्या सर्वांनी मिळून बांधा, म्हणजे घरच्या बाईलाही ही सहल सहल वाटेल. भाकरी, ठेचा, पिठले, कांदा एवढे पुष्कळ झाले. माणशी दोन लिटर पाणी घ्या. उन्हासाठी टोपी, दुपट्टा आणि पायात घट्ट चपला-बूट असावेत, कारण वाळलेल्या पानांवरून पाय घसरतो. कड्यांवर आग्या मोहोळ असते. तेथे धूर, दगड, आरडाओरड नको. माकडांना खाऊ घालू नका. हा मेळघाटच्या वाघांचा मुलूख आहे, तेव्हा नाक्यावर चौकशी करून खुल्या वाटांनीच फिरा आणि उन्हे कलताच घाट उतरायला लागा. काडेपेटी आणि विडी घरीच ठेवा.

सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात हे सारे होते. तेव्हा पुढचा रविवार ठरवा, शेजारच्या घरालाही सोबत घ्या. म्हातारी माणसे असतील तर त्यांना गाविलगडाचा चढ न चढवता देवी पॉइंटजवळ सावलीत बसवा. झाडांची जुनी नावे आणि त्यांचे उपयोग त्यांनाच ठाऊक असतात. मुलांना ती त्यांच्याकडूनच ऐकू द्या.