गोल सांगतो तसे पुस्तक सांगा

जून उजाडला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या शाकारून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. हे दिवस माशांच्या विणीचे, आणि समुद्रही खवळलेला. असे एकसष्ट दिवस तांडेल आणि खलाशी किनाऱ्यावर असतात. फाटकी जाळी शिवणे, इंजिन खोलून साफ करणे ही कामे चालूच असतात. पण संध्याकाळ मोकळी सापडते. वर्षाच्या इतर दिवसांत ती कुठली सापडायला!

आणि दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक बहुधा याच दिवसांत येतो. २०१४ साली तो ब्राझीलमध्ये झाला, तो जून-जुलैत. २०१८ साली रशियात झाला, तो १४ जून ते १५ जुलै. एकूण चौसष्ट सामने. त्यातले काही तर आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होत. २०२२ साली मात्र तो कतार देशात होता. तिथला उन्हाळा सोसवणार नाही म्हणून तो नोव्हेंबर-डिसेंबरात घेतला.

सामना पाहायला माणसे एखाद्या घरी जमतात, नाहीतर चहाच्या टपरीपाशी. कुणी ब्राझीलचा, कुणी अर्जेंटिनाचा. ते देश कुठे आणि रत्नागिरी कुठे! पण भांडण असे, की जणू बांधाचाच वाद आहे. आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलात तर हे वेड आणखी मोठे. तिथे पेठांतल्या तालमींचे स्वतःचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी त्यांची नावे. कुस्तीच्या तालमीने फुटबॉल संघ उभा करावा, हे कोल्हापुरातच शोभते. तिथल्या शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना लागला की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात.

आम्ही प्रौढांचे वर्ग चालवतो. वर्गातली बरीच मंडळी या खेळाची शौकीन आहेत. त्यांचे बोलणे ऐकता ऐकता आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या माणसाला वर्गात चार वाक्ये बोलायला लाज वाटते, तोच माणूस सामना सांगताना रंगून जातो. २०२२ चा शेवटचा सामना घ्या. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. तो सामना पाहिलेला माणूस “फार चांगला सामना झाला” एवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, “ऐंशी मिनिटं होत आली, अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे. लोक उठायला लागले होते. आणि त्या एम्बापेनं दोन मिनिटांच्या आत दोन गोल घातले की हो!” मग जादा वेळ, मग तीन-तीन अशी बरोबरी, मग पेनल्टी, आणि शेवटी अर्जेंटिना चार-दोनने वर. ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवून जातो.

हाच माणूस पुस्तकाविषयी बोलायला लागला की म्हणतो, “पुस्तक चांगलं आहे, वाच.” बस्स! ऐकणारा मान हलवतो आणि विसरून जातो. यात त्या पुस्तकाचा काय दोष?

आता कुणी विचारील, फुटबॉलच्या गप्पांत पुस्तक कशाला आणता? त्याचे कारण सांगतो. लिहावाचायला शिकलेला प्रौढ माणूस पुढे काही वाचत राहिला नाही, तर शिकलेली अक्षरे पुसट होतात. जोडाक्षरे तर आधी जातात. ऑगस्टात होडी समुद्रात गेली की वाचायला सवड नसते. म्हणजे पावसाळ्यात वाचले ते खरे. रत्नागिरीत पुस्तकांचा तोटा नाही. इथले जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. पण दारात चपला काढून आत जायचे धाडस किती जणांना होते? “आपल्याला कोण पुसतो तिथं? कुठलं पुस्तक मागायचं ते तरी कुठं ठाऊक आहे?” असे मनात येते. भिंतभर कपाटे पाहून भल्याभल्यांची छाती दडपते. अशा वेळी मास्तराने दिलेली यादी उपयोगी पडत नाही. ती औषधाच्या चिठ्ठीसारखी वाटते. पण काल रात्री शेजारी बसून आपल्याबरोबर ओरडलेला गडी जर म्हणाला, “दादा, अमुक पुस्तक माग, मी वाचलंय,” तर पाय आपोआप तिकडे वळतो. त्याची आवड आपल्याला ठाऊक असते. तो आपल्यापेक्षा फार शिकलेला नाही, हेही ठाऊक असते. त्याला जमले तर आपल्यालाही जमेल.

इंग्लंडात मार्कस रॅशफर्ड नावाचा मोठा फुटबॉल खेळाडू आहे. तो १९९७ साली मँचेस्टर शहरात गरिबीत जन्मला. घरात आधी जेवणाची भ्रांत, पुस्तके कुठून येणार! सतराव्या वर्षापर्यंत आपण वाचनाला लागलो नव्हतो, हे तो उघड सांगतो. २०२१ साली त्याने मुलांसाठी एक पुस्तक-मंडळ काढले आणि गरीब मुलांच्या हाती फुकट पुस्तके पोचवण्याची व्यवस्था केली. पुस्तके तर शाळेतही होतीच. पण ज्याचा गोल पाहून मुले नाचली, त्याने सांगितले याला वेगळी किंमत आहे.

दुसरा माणूस अल्बेर काम्यू. हा अल्जेरियातला, गरीब घरचा. लहानपणी तो फुटबॉलच्या संघात गोलकीपर होता. १९३० साली, सतरा वर्षांचा असताना त्याला क्षय झाला आणि खेळ सुटला. पुढे तो लेखक झाला. १९५७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची ‘प्लेग’ नावाची कादंबरी १९४७ साली निघाली. गावात प्लेग आलेला आहे, वेशी बंद आहेत. एक परका बातमीदार आत अडकला आहे. त्याला चोरून बाहेर काढू शकेल अशा एका माणसाशी त्याची गाठ पडते. दोघे समोरासमोर बसतात, पण बोलणे काही जमत नाही. मग कळते, की तो माणूस फुटबॉल खेळणारा आहे. बातमीदारही खेळलेला असतो. झाले! संघात कुठली जागा सगळ्यांत चांगली यावर दोघे बोलू लागतात आणि परकेपणा निघून जातो. मिरकरवाड्यात हे दृश्य रोज दिसते, फक्त प्लेग नसतो.

पाहा, आम्ही एक पुस्तक सांगितले. बातमीदार सुटतो की नाही, ते सांगितले नाही. तुम्हा शौकिनांना हा नियम कुणी शिकवायला नको. रात्रपाळीवरून आलेला माणूस म्हणतो, “गोल सांगू नको रे, मला अजून बघायचाय,” आणि आपण तोंड मिटतो. पुस्तकाचेही तसेच. माणूस कोण, गाव कुठले, अडचण काय पडली, आणि आपण कुठे हसलो किंवा कुठे गळा दाटला, एवढे सांगावे आणि थांबावे.

‘श्यामची आई’चेच पाहू. हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. “फार थोर पुस्तक आहे, संस्कार होतात,” असे सांगितले तर खलाशी जांभई देईल, आणि आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. त्याला असे सांगा: “यातला पोरगा पाण्याला भितो. पोहायला जायचं म्हटलं की लपून बसतो. आणि आई इतकी मायाळू, पण त्या दिवशी ती त्याला मारून पोहायला पाठवते.” समुद्रावर पोट असलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते. आणखी एक सोय आहे. या पुस्तकात धडे नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री एक गोष्ट सांगतो, अशा बेचाळीस रात्री. बंदीचे दिवस एकसष्ट. रोज सामना सुरू होण्याआधी एक रात्र वाचली, तरी पुस्तक पुरे होऊन एकोणीस दिवस उरतात.

त्या एकोणीस दिवसांसाठी पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ घ्यावे. त्यातला अंतू बर्वा हा रत्नागिरीचाच. तिरकस बोलणारा म्हातारा. असा एक तरी म्हातारा आपल्या आळीत असतोच. प्रत्येक माणसाची गोष्ट वेगळी, त्यामुळे मधूनच उघडले तरी चालते. भाषा मात्र थोडी अवघड आहे. एकाने मोठ्याने वाचावे, चौघांनी ऐकावे. घरातल्या बायामाणसांनाही बोलवावे. हसण्याच्या जागा त्या आधी पकडतात, असा आमचा अनुभव आहे.

फुटबॉलवरच पुस्तक हवे, असा काहींचा हट्ट असतो. मराठीत क्रिकेटच्या मानाने अशी पुस्तके थोडी. बंगालीत बरी स्थिती आहे. मोती नंदी नावाचे क्रीडा-पत्रकार तिकडे होऊन गेले. त्यांची ‘स्टॉपर’ ही कादंबरी वय झालेल्या एका बचावपटूची आहे. पाय थकले आहेत, मन थकलेले नाही. अशा कथा आपल्याकडे का लिहू नयेत? कोल्हापुरात तर त्या गल्लीगल्लीत पडल्या आहेत. तोवर वर्तमानपत्राचे खेळाचे पान आहेच. त्यालाही वाचन म्हणायला आमची हरकत नाही. उलट नवशिक्याला ते सोपे जाते. निकाल आधीच ठाऊक असतो, म्हणून अडलेला शब्दही अंदाजाने लागतो. बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत वर्तमानपत्रे बसून वाचायला पैसे पडत नाहीत. पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि वर्गणी भरावी लागते. ती किती, ते तिथेच विचारावे. विचारायला काही लागत नाही.

पुस्तक कुणाला सांगायचे, हेही पाहावे लागते. ज्याला चष्मा लागला आहे त्याला बारीक टाइपाचे पुस्तक देऊ नये. ज्याचे घरी दुखणे चालू आहे त्याला रडवणारे पुस्तक आज नको, पुढे कधी तरी. आपण न वाचलेले पुस्तक तर सांगूच नये. लोक सांगतात ते, नुसते हुशार दिसायला. सामना न पाहता गोल सांगणारा माणूस जसा दुसऱ्या प्रश्नाला पकडला जातो, तसेच इथेही होते. आणि सांगितल्यावर पाठीस लागू नये. “किती पानं झाली? गोष्ट सांग बघू!” असे विचारले की झाली शाळा सुरू. त्याने दहा पानांवर सोडले, तर दुसरे सांगावे. तुम्हाला ब्राझील आवडतो म्हणून त्याला आवडलाच पाहिजे, असे आहे का? बरे, ब्राझीलवाल्याने सांगितलेले पुस्तक अर्जेंटिनावाल्याने वाचून “काही दम नाही यात” म्हणावे, यातही मजा आहे. निदान दोघांनी वाचले तरी!

मोबाइलवर पुस्तकाच्या वेष्टणाचे चित्र पाठवणेही चांगले. नाव चुकत नाही, वाचनालयात चित्र दाखवले की काम होते. पण हातात पुस्तक देण्याची सर त्याला नाही. सामन्याच्या मध्यंतराला पंधरा मिनिटे असतात. तेवढ्यात पुस्तक उघडून त्याला पहिले पान वाचून दाखवा. पुढचे तो पाहील.

एक काळजी घ्यावी. पुस्तक हातोहात फिरू लागले की ते कुणाकडे आहे याचा पत्ता राहत नाही, आणि ज्याच्या नावावर काढले त्याला दंड बसतो. म्हणून एका वहीत नाव आणि तारीख लिहावी. नेणाऱ्यानेच लिहावी, म्हणजे हातही वळतो. जुलै संपत आला की वही काढून सगळी पुस्तके गोळा करावी. ज्याच्या थोड्या रात्री वाचायच्या उरल्या असतील त्याने मुदत वाढवून घ्यावी आणि पुस्तक घरी ठेवावे. होडीवर न्यायचेच असेल तर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून वर कोरड्या जागी ठेवावे. बर्फाच्या खणाजवळ ठेवू नये.