‘थिंग’: एका शब्दाची उतरंड

इंग्रजी बोलणाऱ्या मनुष्यास एखाद्या पदार्थाचें नांव आठवेनासें झालें, कीं तो त्यास ‘थिंग’ म्हणून मोकळा होतो. दगड, दागिना, दुःख, विचार, कशासही हा शब्द चालतो. इतक्या किरकोळ कामास लागलेला हा शब्द मूळचा मात्र मोठ्या मानाचा. प्राचीन जर्मानिक लोकांत ‘थिंग’ म्हणजे तंटे तोडण्यासाठीं व कायदे ठरविण्यासाठीं भरणारी स्वतंत्र माणसांची सभा.

गॉथिक भाषेंतील ‘थीह्स’, म्हणजे वेळ, या शब्दाशीं त्याचें नातें असावें असें भाषापंडित मानतात. त्यावरून ‘नेमल्या वेळीं भरणारी बैठक’ असा मूळ अर्थ निघतो. रोमन इतिहासकार टॅसिटस यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस अशा सभांचें वर्णन केलें आहे. सूचना रुचली तर लोक भाले खणखणवीत. न रुचली तर कुरकुर करीत. सातव्या शतकांतील केंट राज्याच्या कायद्यांतही हा शब्द सभा या अर्थींच येतो.

मग सभेची वस्तु कशी झाली? सभेपुढें जें प्रकरण येई, त्यासही लोक ‘थिंग’च म्हणूं लागले. प्रकरणावरून बाब आणि बाबीवरून वाटेल ती वस्तु, अशा पायऱ्यांनीं अर्थ उतरत गेला. लॅटिनमधील खटलावाचक ‘काउझा’चें फ्रेंचमध्यें ‘शोज’ झालें. त्याचाही अर्थ वस्तु असाच. मराठीसही हा प्रवास परका नाहीं. संस्कृतांत ‘गोष्ठ’ म्हणजे गोठा, ‘गोष्ठी’ म्हणजे जमलेली मंडळी व तिचें संभाषण. त्याच गोष्ठीची मराठी ‘गोष्ट’ कथेसही चालते आणि कोणत्याही बाबीसही.

इंग्लंडांत सभेचा अर्थ लोपला; आइसलंडांत तो टिकला. तेथील ‘आल्थिंग’ इ. स. ९३० मध्यें थिंगव्हेल्लिर येथें उघड्यावर भरूं लागली. आरंभीं कायदा लिहिलेला नव्हता. म्हणून विधिवक्ता दर उन्हाळ्यांत त्याचा तिसरा हिस्सा सर्वांसमक्ष तोंडपाठ म्हणे. १८०० सालीं ही सभा बंद पडली, १८४५ सालीं रेक्याविक येथें पुन्हां भरली. १९४४ च्या जूनमध्यें प्रजासत्ताक जाहीर करावयाची वेळ आली, तेव्हां मात्र लोक त्याच जुन्या थिंगव्हेल्लिरला गेले. डेन्मार्कचें ‘फोल्केटिंग’ व नॉर्वेचें ‘स्टोर्टिंग’ या विधिमंडळांच्या नांवांतही हाच शब्द नांदतो.

नेमल्या वेळीं एकत्र बसण्याची वहिवाट जेथें त्याच नांवानें चालली, तेथें शब्दाचा मान राहिला. जेथें सभेनें दुसरें नांव घेतलें, तेथें तो निनांवी वस्तूंचें नांव होऊन बसला.